नेम आणि नोंद : राळेगाव परिसरातील वाचनाचा इतिहास

ठरावीक दिवसांत ठरावीक ग्रंथ वाचून पुरा करायचा, हा नेम वऱ्हाडात छापखान्याच्याही आधीपासून आहे. वाचून झालेल्या ग्रंथाबद्दल स्वतःचे मत कागदावर उतरवण्याची सवय मात्र इथे बरीच उशिरा रुजली. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील, वर्धा नदीला लागून असलेल्या राळेगाव तालुक्यात या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या दिशांनी आल्या. नेम आला तो मंदिराच्या, मठाच्या आणि पुढे विहाराच्या अंगणातून. मत नोंदवण्याची रीत आली ती पुण्यामुंबईच्या मासिकांतून, नागपूरच्या वृत्तपत्रांतून आणि शाळेतून. आजचे वाचन उपक्रम विद्यार्थ्यांकडून दोन्ही एकदम मागतात. ती मागणी किती मोठी आहे, हे या दोन परंपरांचा मागोवा घेतल्याशिवाय कळत नाही.

राळेगाव हा कापसाचा मुलूख. गावोगाव कुणबी, तेली, माळी, बौद्ध यांच्या बरोबरीने गोंड आणि कोलाम वस्ती आहे. त्यातल्या अनेक घरांची बोली गोंडी किंवा कोलामी. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६४ मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला, तो वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. सरकारी शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू पसरल्या. तोवर आणि त्यानंतरही कित्येक दशके इथल्या बहुतेक माणसांच्या दृष्टीने वाचणे म्हणजे ऐकणे होते. एक जण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि सारे गाव ऐके. वाचनाच्या नेमाचा इतिहास लिहिताना या ऐकणाऱ्यांना वगळून चालत नाही, कारण ग्रंथ पुरा झाल्याचे पुण्य आणि समाधान दोन्ही त्यांचेही होते.

वऱ्हाडातील सर्वात जुनी ग्रंथनिष्ठ परंपरा महानुभाव पंथीयांची. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्यांचे मोठे स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ पंथीयांच्या नित्य पठणात राहिले. मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. हे करताना कोणाच्या स्मरणात कोणता पाठ होता, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यापुढच्या पिढ्यांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या वचनांवर विचाराचे, लक्षणांचे आणि आचाराचे ‘बंद’ म्हणजे टीकाग्रंथ लिहिले. ग्रंथ नुसता पुरा न करता त्याची छाननी करून ती लिहून ठेवायची, ही शिस्त मराठीत इतक्या लवकर दिसते ती इथेच. पण पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवल्यामुळे विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या वाचकाला ती शिस्त पाहायलाच मिळाली नाही.

गावात सर्रास चाले ती पोथी. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात देवळात नाही तर पाटलाच्या ओसरीवर पोथी लागे. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (१७०२) छत्तीस अध्यायांचे, ‘रामविजय’ (१७०३) चाळीस अध्यायांचे, ‘पांडवप्रताप’ (१७१२) त्याहून मोठा. दिवसभर निंदण-डवरणीची कामे आटोपून रात्री जेवणे झाली की कंदिलाच्या उजेडात एक अध्याय. पावसाने कोणी अडकले, घरात आजारपण आले, तर अध्याय मागे पडे; मग एखाद्या रात्री दोन वाचून भरपाई होई. श्रीधरांची भाषा सोपी, कथा रंगतदार आणि अध्यायांची लांबी एका बैठकीला बेताची. त्यांचे ग्रंथ खेड्यापाड्यांत इतके टिकले त्याचे बरेचसे श्रेय या मापाला द्यायला हवे. ‘शिवलीलामृत’ तर चौदाच अध्यायांचे. श्रावणात ते सहज पुरे होई आणि बायकाही ते वाचत.

‘गुरुचरित्रा’चा नेम याहून कडक. त्याचे चरित्रनायक नृसिंह सरस्वती मूळचे वऱ्हाडातल्या कारंजाचे, त्यामुळे या ग्रंथाशी इथल्या लोकांची जवळीक अधिक. सप्ताहाची एक रूढ वाटणी अशी आहे : पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्या, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्या, चौथ्या दिवशी पस्तिसाव्या, पाचव्या दिवशी अडतिसाव्या, सहाव्या दिवशी त्रेचाळिसाव्या आणि सातव्या दिवशी अखेरपर्यंत. पाचव्या दिवशी तीनच अध्याय येतात, कारण छत्तिसावा अध्याय फार लांब आहे. म्हणजे ही वाटणी अध्याय मोजून केलेली नाही, बसायला लागणारा वेळ मोजून केलेली आहे. संकल्प सोडून सुरुवात, रोजचा नेमून दिलेला भाग, मध्ये खंड नाही आणि शेवटी सांगता, हे पारायणाचे चौकटबद्ध रूप याच ग्रंथाने घरोघर पक्के केले. त्याच वेळी स्त्रियांनी हा ग्रंथ वाचू नये, असा दंडकही रूढ झाला. नेमाची परंपरा जुनी म्हणून ती सर्वांची होती, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांना या वाचनात जागा नव्हती.

विसाव्या शतकात हे चित्र तीन-चार ग्रंथांनी बदलले. पहिला ‘गजानन विजय’. शेगावच्या गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली आणि दासगणूंनी १९३९ च्या सुमारास त्यांचे एकवीस अध्यायांचे ओवीबद्ध चरित्र रचले. एकवीस ही संख्या नेमाला फार सोयीची निघाली. एका बैठकीत सारा ग्रंथ, तीन दिवसांत रोज सात अध्याय, एकवीस दिवसांत रोज एक, किंवा एकवीस गुरुवारी एकेक, असे ज्याला जसे झेपेल तसे. पुढे एकवीस जणांचे गट झाले. प्रत्येकाने आपापला अध्याय वाचायचा, म्हणजे त्या दिवशी गटाचे एक पारायण होते. अध्याय दर खेपेला पुढे सरकत गेला की एकवीस खेपांत प्रत्येकाचे स्वतःचेही पारायण पुरे होते. आता ही वाटणी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरते आणि ‘वाचन झाले’ असा निरोप गटावर येतो. या गटांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ज्या स्त्रियांना गुरुचरित्र हातात घेता येत नव्हते, त्यांच्या सुना-नातींनी नेमाचा सारा हिशेब आपल्या हाती घेतला. वऱ्हाडातल्या वाचनाच्या इतिहासात या बदलाची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

दुसरा ग्रंथ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ (१९५५). अमरावती जिल्ह्यात मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर जिल्ह्यांत पसरल्या. एक्केचाळीस अध्याय आणि ४,६७५ ओव्यांचा हा ग्रंथ गावच्या सफाईपासून सावकारीपर्यंतचे विषय घेतो. सामुदायिक प्रार्थनेनंतर त्याचे वाचन होई आणि वाचलेल्या भागावर बोलणेही होई. गावात शौचकूप नाहीत, दारूचे दुकान आहे, शाळेची भिंत पडली आहे, असे प्रत्यक्ष समोरचे विषय ओवीत आल्यामुळे ऐकणाऱ्याला मत द्यावेच लागे. ग्रामगीतेवर पुढे परीक्षाही घेतल्या जाऊ लागल्या. नेमाने वाचलेल्या ग्रंथावर लेखी उत्तरे लिहिण्याचा अनुभव खेड्यातल्या अनेक प्रौढांना शाळेबाहेर पहिल्यांदा मिळाला तो असा.

वर्धा नदीच्या पलीकडे, पवनार आणि सेवाग्राम इथे याच काळात आणखी एक वाचनशिस्त चालू होती. विनोबांची ‘गीताई’ १९३२ मध्ये छापून आली. गीतेच्या अठरा अध्यायांचे ते सोपे मराठी समश्लोकी रूप प्रार्थनेत रोज थोडे थोडे म्हटले जाई. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारमागून रविवारी एकेका अध्यायावर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पाठ एकाचा, त्यावरचे विवेचनही त्याचेच आणि नोंद दुसऱ्याची : ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक अशा तऱ्हेने सिद्ध झाले.

तिसरा ग्रंथ या साऱ्या परंपरेला वेगळे वळण देणारा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भात गावोगाव बौद्ध विहार उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ मुळात इंग्रजीत १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. मराठी अनुवाद पुढे आला. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत, विहारात संध्याकाळी त्याचे क्रमाने वाचन होते आणि आठ खंडांचा हा ग्रंथ वर्षावास संपेपर्यंत पुरा केला जातो. बाहेरून पाहता हा चातुर्मासाच्या पोथीसारखाच नेम आहे. पण ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी बुद्धचरित्रातील आणि धम्मातील चार अडचणीचे प्रश्न मांडले आहेत आणि ते सोडवायला वाचकांनी हातभार लावावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. नेमाने वाचायचा ग्रंथच वाचकाकडे उत्तरे मागतो आहे, असे गावच्या वाचनात याआधी घडले नव्हते. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, या आठवणीतून त्यांच्या जयंतीच्या सुमारास महाविद्यालयांत आणि वस्त्यांतल्या अभ्यासिकांत सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. शिक्षणापासून शतकानुशतके दूर ठेवलेल्या समाजाने वाचनाला दिलेले हे मानाचे स्थान आहे आणि पारायणाच्या इतिहासात त्याची गणना व्हायलाच हवी.

आता मत नोंदवण्याची बाजू. मराठीत नव्या पुस्तकांचे परीक्षण छापील रूपात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघाले, १८६७ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’. या दुसऱ्या मासिकाने सत्तर वर्षे पुस्तकांची दखल घेण्याचे काम केले. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून कादंबरी कशी वाचावी याची चर्चा सुरू केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४) परीक्षणाला धार आणली, ती धार पुष्कळदा अन्यायाची होती, जोतीराव फुल्यांच्या लेखनावरची त्यांची टीका हे त्याचे ठळक उदाहरण. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा देशभाषेतील ग्रंथांची चर्चा हा त्याच्या ठरवलेल्या विषयांपैकी एक होता. वऱ्हाडातल्या वकील-मास्तर मंडळींकडे हे अंक टपालाने येत. म्हणजे इथला शिकलेला वाचक पुस्तक पाहण्याआधी त्याच्यावरचा अभिप्राय वाचत असे. पुस्तक हाती पडायला पुढे महिने लागत.

यवतमाळात या कामाची स्वतंत्र सुरुवात झाली ती डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांच्या हातून. व्यवसायाने वकील असलेल्या देशपांड्यांनी वऱ्हाडातील मठांतून आणि घरांतून महानुभावांची हस्तलिखिते पाहिली, मिळवली, वाचली. शारदाश्रम ही संशोधनसंस्था यवतमाळात उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९२५ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या पुस्तकात ग्रंथकार कोण, ग्रंथ कोणता, त्यात काय आहे, याचा पद्धतशीर आढावा आहे. सांकेतिक लिपीची किल्ली वि. का. राजवाड्यांना आधी उलगडली होती. पण इतक्या पोथ्या एका जिल्ह्याच्या गावी बसून नेटाने वाचायच्या आणि प्रत्येकीबद्दल चार भरवशाच्या ओळी लिहायच्या, हे काम देशपांड्यांनी केले. वाचनाचा नेम आणि वाचलेल्याची नोंद या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्याचे यवतमाळ जिल्ह्यातले हे सर्वात मोठे उदाहरण आहे. त्यांच्या नोंदी म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे. काळ, कर्ता आणि पाठ याबद्दलची शंका ते तिथल्या तिथे मांडतात.

याच काळापासून संस्थाही वाढल्या. १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. त्याचे ‘युगवाणी’ हे नियतकालिक विदर्भातल्या लेखनाची चर्चा करीत राहिले. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर स्वतः समीक्षक होते, त्यामुळे त्या पत्रात पुस्तकांना मानाची जागा मिळाली. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांचा ‘पासंग’ (१९५४) हा समीक्षालेखांचा संग्रह आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ यांत परीक्षणाची एक वेगळी जात दिसते : पुस्तक आधी समजून घ्यायचे, मग तोलायचे. चिपळूणकरी तडाख्यापेक्षा ही रीत सामान्य वाचकाला अधिक उपयोगी होती. १९६४ पासून ‘ललित’ मासिकाने नव्या पुस्तकांची खबर आणि वाचकांची पसंती यांना नियमित जागा दिली. १९७४ च्या अखेरीस ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू झाली आणि वाचकाच्या मताला प्रकाशनव्यवहारातच स्थान मिळाले. यवतमाळात १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या निमित्ताने राळेगाव आणि शेजारच्या कळंबच्या वाचकांना पुस्तकांची मोठी दुकाने जिल्ह्यातच पाहायला मिळाली.

तरी मासिकातले परीक्षण आणि खेड्यातला वाचक यांच्यात पुस्तकाचा अभाव होता. तो भरून काढायचे काम सार्वजनिक ग्रंथालयाचे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये मंजूर झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळू लागले. लहान गावातले ड वर्गाचे ग्रंथालय काहीशे पुस्तकांवर उभे राहते. अ वर्गाला पंधरा हजारांहून अधिक लागतात. अनुदानासाठी दाखल नोंदवही, सभासद नोंदवही आणि देवघेव नोंदवही ठेवावी लागते. या तिसऱ्या वहीत कोणी कोणते पुस्तक कधी नेले आणि किती दिवसांनी परत केले, हे तारीखवार असते. चातुर्मासाच्या पोथीचा कसलाही लेखी पुरावा मागे राहत नसे; देवघेव वहीने सामान्य वाचकाच्या वाचनाची पहिली सलग नोंद निर्माण केली. कापूस वेचणीच्या महिन्यांत देवघेव मंदावते का, परीक्षा संपल्यावर कादंबऱ्या किती जातात, स्त्रिया स्वतःच्या नावावर पुस्तके कधीपासून नेऊ लागल्या, ही सारी उत्तरे अशा वह्यांतच सापडतात. त्यात एकच गोष्ट नसते : पुस्तक वाचकाला कसे वाटले.

ती जागा शाळेने भरावी, असा प्रयत्न गेल्या दशकापासून सुरू आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. १ जानेवारी २०२२ पासून केंद्र सरकारने शंभर दिवसांचे वाचन अभियान राबवले. राज्याच्या महावाचन उत्सवात शालेय विद्यार्थ्यांनी पुस्तक वाचून त्यावर थोडक्यात लेखी विचार मांडायचे होते. उच्च शिक्षण विभागाच्या ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ या उपक्रमात १ ते १५ जानेवारी २०२५ या पंधरवड्यात महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण आणि कथनाच्या स्पर्धा घेण्यात आल्या. जगभर याच काळात वर्षाला अमुक पुस्तके वाचण्याचे आव्हान लोक स्वतःला घालून घेऊ लागले; गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ मध्ये त्याला संगणकावरची मोजणी दिली. वर्षभरात बारा, चोवीस, पन्नास पुस्तकांचे लक्ष्य ठेवणारे मराठी वाचकही आता पुष्कळ आहेत.

या उपक्रमांतली मोजणीची बाजू राळेगावसारख्या तालुक्याला नवी नाही. ती पोथीने आणि पारायणाने आधीच घडवलेली आहे. अवघड आहे ती दुसरी बाजू. पारायणात ग्रंथ पवित्र असतो, त्याला नावे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. शाळेतल्या मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक दिले तरी तो पहिल्या खेपेला ‘हे पुस्तक छान आहे, सर्वांनी वाचावे’ एवढेच लिहितो, यात त्याचा दोष नाही. कंटाळा आला, शेवट पटला नाही, यातला शेतकरी आपल्या गावच्यासारखा नाही, असे लिहिले तर चालते, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर ते छापील मराठीत लिहावे लागते. त्याला आधी आपल्या बोलीत सांगू दिले तर मत मोकळे होते. आणि मत तयार व्हायला तुलना लागते, तुलनेला एकाहून अधिक पुस्तके लागतात. वर्गात एकाच पुस्तकाच्या तीस प्रती देण्यापेक्षा तीस निरनिराळी पुस्तके देणे परीक्षणाच्या दृष्टीने कितीतरी चांगले.

राळेगाव परिसरातील ग्रंथालयांच्या, शाळांच्या आणि सेवा मंडळांच्या चालकांना एक विनंती करण्याजोगी आहे. भरलेल्या देवघेव वह्या, ग्रामगीता परीक्षांचे कागद, विद्यार्थ्यांनी लिहिलेले अभिप्राय जागेच्या अडचणीमुळे रद्दीत जातात. ते वर्षवार बांधून, कोरड्या जागी, वाळवीपासून जपून ठेवावेत आणि जिल्हा ग्रंथालयाला त्यांची यादी द्यावी.